मालिकावीर कोणाला म्हणायचं?

(उत्सवाच्या तयारीसाठी श्रावणात, २०२५ साली झालेल्या मंडळाच्या बैठकीत क्रीडा समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या कपाटात एक कप मे महिन्यापासून पडून आहे. त्याच्यावर ‘मालिकावीर’ एवढंच कोरलंय, नाव कोरलेलं नाही. सुट्टीत आपली टेनिस बॉलची स्पर्धा झाली, विजेत्यांना ढाल मिळाली, सर्वोत्तम फलंदाजाला बॅट मिळाली, पण हा एक कप राहिला. कारण तो कोणाला द्यायचा यावर आम्हा तिघांचं एकमत झालं नाही. चेष्टा बरीच झाली. “कप गंजायच्या आधी तरी ठरवा की वो,” असं आरतीच्या वर्गणीला गेलो तिथंही ऐकून घेतलं. आज आम्ही ठरवून आलोय. पण निकाल सांगायच्या आधी तो कसा लागला ते सांगणं आमचं काम आहे, म्हणून थोडा वेळ मागतो.

आमच्या समितीत भांडण लागलं ते आपल्या स्पर्धेवरून नव्हे, आयपीएलवरून. बेळगावात आयपीएल म्हणजे एका घरात दोन पक्ष. मोठी मंडळी मुंबई इंडियन्सची, कॉलेजला जाणारी पोरं आरसीबीची. एकाच सोफ्यावर निळा शर्ट आणि लाल शर्ट, मध्ये आजी. ३ जूनला आरसीबीनं पंजाबला ६ धावांनी हरवलं आणि अठराव्या हंगामात पहिल्यांदा कप उचलला. त्या रात्री खानापूर रोडला फटाके वाजले. दुसऱ्याच दिवशी बेंगळुरूत चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचे जीव गेले, आणि मग कितीतरी दिवस क्रिकेटचा विषय काढायची कोणाला इच्छा झाली नाही.

विषय पुन्हा निघाला तो या कपामुळं. आमच्यातले एक म्हणाले, “आयपीएलवाल्यांनी काय केलं बघा. सगळ्यांत मोलाचा खेळाडू म्हणून सूर्यकुमार यादवला निवडलं. मारणाऱ्याला दिलं. आपणही मारणाऱ्याला देऊ, विषय संपला.” दुसरे म्हणाले, “सूर्याचा संघ फायनललाही गेला नाही, त्याला कसलं मोल?” तिसरे गप्प. तिथून जे सुरू झालं ते दोन महिने चाललं.

आधी सूर्याची बाजू मांडतो, कारण ती भक्कम आहे. १६ सामने, ७१७ धावा, शंभर चेंडूंमागे जवळजवळ १६८ या वेगानं. मुंबईकडून एका हंगामात इतक्या धावा आधी कोणी केल्या नव्हत्या. सचिनच्या २०१० सालच्या ६१८ धावा मागं पडल्या. पण आम्हाला सगळ्यांत थोर वाटली ती वेगळीच गोष्ट. सोळाच्या सोळा सामन्यांत त्याची धावसंख्या २५ च्या खाली एकदाही गेली नाही. उंच फटके मारणाऱ्याचं एक ठरलेलं असतं, आज ८० तर उद्या शून्य. हा माणूस यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू भिरकावतो, गुडघ्यावर बसून मारतो, आणि तरी एकदाही रिकाम्या हातानं परतला नाही.

उद्यमबागेत याला काय म्हणतात ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. एखादा टर्नर एका दिवसात विक्रमी माल काढतो आणि दुसऱ्या दिवशी निम्मा माल रिजेक्शनला जातो. दुसरा रोज ठरलेला माल काढतो, मापात काढतो. पगारवाढीच्या वेळी मालक कोणाला धरून ठेवतो? तर सूर्याच्या बाजूनं ही साक्ष मोठी.

गंमत अशी, की त्याला बक्षीस मिळालं ते या सातत्यासाठी नव्हे. आयपीएलचा हा मान कोणी पंच किंवा जाणकार बसून ठरवत नाहीत. त्याचा एक गुणतक्ता असतो. षटकाराला साडेतीन गुण, चौकाराला अडीच, विकेटला साडेतीन, झेलाला किंवा यष्टिचीतला अडीच आणि निर्धाव चेंडूला एक. एकेरी-दुहेरी धावेला काहीच नाही. सूर्याचे षटकार ३८, चौकार ६९, झेल ६. घरी गेल्यावर पोरांकडून गुणाकार करून घ्या, बेरीज बरोबर ३२०.५ येते. तेवढ्याच गुणांवर तो पहिला आला.

दुसरा आला गुजरातचा साई सुदर्शन, ३११ गुण. त्याच्या धावा ७५९, म्हणजे सूर्यापेक्षा ४२ जास्त. ऑरेंज कॅप त्याच्याच डोक्यावर. चौकार ८८, म्हणजे सूर्यापेक्षा १९ जास्त. पण षटकार २१. साडेनऊ गुणांनी तो मागं राहिला, म्हणजे तीन षटकारांपेक्षाही कमी फरकानं. इथं आमच्या घरातली एक मुलगी, बारावीला आहे, ती म्हणाली, “काका, हे काय न्यायाचं झालं? जास्त धावा करणारा दुसरा?” आम्हालाही तसंच वाटलं. पण मग चेंडू मोजले. साईला ७५९ धावांसाठी ४८६ चेंडू लागले, सूर्याला ७१७ साठी ४२७. म्हणजे ४२ धावा कमी, पण ५९ चेंडूही कमी. ते ५९ चेंडू म्हणजे जवळपास १० षटकं, जी दुसऱ्या कोणाला खेळायला मिळाली. विसाच षटकांच्या खेळात चेंडू हाच कच्चा माल. कमी मालात तेवढंच उत्पादन काढणारा सरस, हे उद्यमबागेला पटवून द्यायची गरज नाही. तेव्हा साईपेक्षा सूर्या वरचढ, हे आम्हाला पटलं.

आता दुसरी हरकत. संघ हरला त्याचं काय? १ जूनला अहमदाबादेत पंजाबविरुद्ध मुंबईनं २०३ केल्या, सूर्याच्या त्यात २६ चेंडूंत ४४. मग श्रेयस अय्यरनं, तोही आपला मुंबईचाच, ४१ चेंडूंत नाबाद ८७ करून सामना ओढून नेला. मुंबई घरी गेली. मग हरलेल्या संघातला माणूस सगळ्यांत मोलाचा कसा?

हा प्रश्न आपणच पहिल्यांदा विचारतोय असं समजू नका. समितीतल्या एकांचा मुलगा शिकागोला असतो. त्यानं फोनवर सांगितलं, “बाबा, हे भांडण इथं बेसबॉलमध्ये कितीतरी वर्षं चाललंय.” तिथं हा मान क्रीडा पत्रकार मतानं देतात, आणि ‘मोलाचा’ म्हणजे काय याची पक्की व्याख्याच त्यांना दिलेली नाही. १९८७ साली शिकागोच्या कब्ज संघाच्या आंद्रे डॉसननं ४९ होमरन मारले. होमरन म्हणजे आपल्या षटकारासारखाच, कुंपणाबाहेरचा फटका. त्याचा संघ गटात शेवटचा. तरी मान त्याला मिळाला. मतांमध्ये दुसरा कोण? सेंट लुईसचा ऑझी स्मिथ. त्या वर्षी त्याचा होमरन एकही नाही. पण चेंडू अडवण्यात त्याच्यासारखा हात नव्हता, आणि त्याचा संघ अंतिम मालिकेपर्यंत गेला. एकानं धावा केल्या, दुसऱ्यानं धावा वाचवल्या, आणि लोकांनी फटका मारणाऱ्याला निवडलं. त्यावर तिकडं अजून वाद होतो म्हणे.

आम्ही यातून एवढंच घेतलं. संघ हरला म्हणून माणसाचं मोल जात नाही. अकरातला एक जण अकरांचं काम करू शकत नाही. भट्टी बिघडली म्हणून पॅटर्न करणाऱ्याचा हात वाईट ठरत नाही. पण डॉसन आणि स्मिथच्या गोष्टीतला दुसरा काटा आमच्या मनात रुतला. वाचवलेली धाव आपल्याला दिसते का? षटकार गेला की सगळा मांडव उठून उभा राहतो. निर्धाव चेंडूला कोण उठतं?

कारखान्यातही तसंच आहे. कास्टिंग तयार होऊन गाडीत चढलं की दिसतं. भट्टीतून धातू ओतताना ठिणग्या उडतात, ते बघायला पाहुणेही येतात. पण ज्यानं कोअर नीट बसवला म्हणून आत पोकळी राहिली नाही, ज्यानं इन्स्पेक्शनला बारीक चीर पकडली म्हणून पार्टीकडून माल परत आला नाही, त्याचं काम म्हणजे न घडलेलं नुकसान. ते कुठल्याच रजिस्टरमध्ये लिहिलेलं नसतं. आम्ही तिघंही आयुष्यभर याच शेडमध्ये वावरलो, आणि खरं सांगतो, आमच्याकडूनही शाबासकी बहुतेक वेळा ठिणग्यांनाच गेली.

म्हणून आम्ही एक साधा हिशेब मांडला. आयपीएलचा तक्ता बाजूला ठेवला. फलंदाजानं जेवढे चेंडू घेतले, तेवढ्यांत साधारण खेळाडूनं किती केल्या असत्या, आणि यानं किती जास्त केल्या? गोलंदाजानं जेवढी षटकं टाकली, तेवढ्यांत साधारण गोलंदाजानं किती दिल्या असत्या, आणि यानं किती कमी दिल्या? दोन्ही बाजूंना माप एकच, धाव.

हिशेबापुरतं धरू की षटकाला ९ धावा हे साधारण. सूर्यानं ४२७ चेंडू घेतले. साधारण फलंदाजाच्या झाल्या असत्या ६४०. म्हणजे सूर्यानं ७७ जास्त दिल्या. साईचं याच मापानं ३०. इथवर सूर्या पुढंच.

आता त्याच मुंबई संघातला जसप्रीत बुमराह घ्या. दुखापतीमुळं पहिले चार सामने तो नव्हता. १२ सामने खेळला, १८ विकेट, षटकामागे ६.६७ धावा. टाकलेली षटकं सत्तेचाळीसच्या वर. ९ च्या हिशेबानं त्यानं वाचवलेल्या धावा होतात ११०. विकेटचा फायदा यात धरलेलाच नाही.

हे उत्तर आलं तेव्हा आमच्यातले मुंबईवाले जरा गप्प झाले. आम्ही परत मांडलं, परत तेच. मुंबईच्या पहिल्या पाच सामन्यांत एकच विजय होता, आणि बुमराह परतल्यावर पुढं सलग सहा विजय आले, हेही आठवलं. ३० मेचा गुजरातविरुद्धचा सामना आठवा. मुंबईच्या २२८. साई सुदर्शन आणि वॉशिंग्टन सुंदर असे पेटले होते की सामना हातातून गेलाच होता. वॉशिंग्टन २४ चेंडूंत ४८ वर. बुमराहचा एक यॉर्कर आला, फलंदाज जमिनीवर आणि यष्टी उडालेली. मुंबई २० धावांनी जिंकली. त्या चेंडूचे गुणतक्त्यात किती? साडेतीन. एका षटकाराएवढे. पाटा खेळपट्टीवर, निकाल लागून गेलेल्या सामन्यात मारलेल्या षटकाराएवढे.

अंतिम सामना बघा. पंजाबच्या शशांक सिंगनं ३० चेंडूंत नाबाद ६१ केल्या, ६ षटकार मारले. षटकारांचेच २१ गुण. आरसीबीच्या कृणाल पंड्यानं ४ षटकांत १७ धावा देऊन २ विकेट घेतल्या. विकेटचे गुण सातच. पण सामनावीर निवडायला माणसं बसली होती, तक्ता नव्हता, आणि त्यांनी कृणालला निवडलं. लाल शर्टवाल्या पोरांनो, टाळ्या वाजवा, हा मुद्दा तुमचा आहे.

मग सूर्या त्या बक्षिसाला पात्र होता का? आमचं उत्तर आहे, होय. तक्ता हंगामाच्या आधी जाहीर होता, सगळ्यांना सारखा होता, आणि त्यानं तो जिंकला. शिवाय बुमराह नसताना चार सामने तो उभा होता, सोळाही सामने उभा होता. त्याचं बक्षीस कोणी काढून घेऊ नये. पण सगळ्यांत मोलाचा कोण, असं आम्हाला विचारलंत, तर आम्ही बुमराह म्हणू. नियमानं जिंकणं आणि मोल असणं या दोन गोष्टी बहुतेक वेळा एकत्र येतात. दर वेळी येतातच असं नाही.

आता आपल्या कपाकडं येतो.

दोन नावं होती. दोघांचीही इथं घेत नाही, दोघंही मागं उभे आहेत. पहिला फलंदाज. तीन सामने, ६० चेंडू, १३० धावा, १४ षटकार, ८ चौकार. त्यातले किती षटकार बाजूच्या शेडच्या पत्र्यावर पडले ते त्या शेडच्या मालकांना विचारा. दुसरा गोलंदाज. तीन सामन्यांत ६ षटकं, ३३ धावा, ६ विकेट, १९ निर्धाव चेंडू, २ झेल. आयपीएलचा तक्ता लावला तर पहिल्याचे, एका झेलासह, ७१.५ गुण. दुसऱ्याचे ४५. फरक मोठा.

पण आपलं मैदान बघा. एका बाजूला कंपाऊंडची भिंत चाळीस पावलांवर. षटकार स्वस्त. सहा षटकांचा सामना, म्हणजे सगळे मिळून ३६ चेंडू. निर्धाव चेंडू महाग. आपल्या स्पर्धेत षटकाला सरासरी ११ धावा निघाल्या, स्कोअरची वही आमच्याकडं आहे. त्या मापानं ६० चेंडूंत साधारण फलंदाजाच्या ११० झाल्या असत्या. आपल्या फलंदाजानं २० जास्त केल्या. साधारण गोलंदाजानं ६ षटकांत ६६ दिल्या असत्या. आपल्या गोलंदाजानं ३३ वाचवल्या.

आणि अंतिम सामन्याचं शेवटचं षटक तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. ८ धावा हव्या होत्या, समोर हाच फलंदाज. एक, निर्धाव, एक, निर्धाव, निर्धाव, दोन. चार धावा. तीन धावांनी सामना गेला. तक्त्यात त्या षटकाला फक्त तीन गुण. एका षटकाराहून कमी.

आता जे बोलायचं ते जरा अवघड आहे, पण बोलायला हवं. फलंदाज आमच्या समितीतल्याच एकाचा पुतण्या. गोलंदाज सीएनसीवर काम करतो, घर बैलहोंगलकडं, घरची भाषा कन्नड, मराठी तो आपल्या शेडमध्ये शिकला. जूनमध्ये आमच्या कानावर आलं, “मंडळ आपलं, कप आपला, मग आपल्या पोराला नको का?” कोणी म्हणालं ते सांगत नाही. वाईट हेतूनं म्हणालं असंही नाही. इथं राहणाऱ्या मराठी माणसाच्या मनात काय काय साठलंय ते आम्हाला ठाऊक आहे, आमच्याही मनात आहे.

पण मग आम्ही रोनित मोरेची आठवण काढली. आपल्या बेळगावचा पोरगा, जलदगती गोलंदाज, कर्नाटकाकडून रणजी खेळला. आपण सगळ्यांनी अभिमानानं पेपर वाचले. त्याच्या हातात चेंडू देताना कर्नाटकानं आडनाव बघितलं नाही, हात बघितला. ते आपल्याला बरोबर वाटलं होतं. मग आपल्या चाळीस पावलांच्या मैदानावर आपण दुसरं माप कसं लावायचं?

ज्यांचा पुतण्या, त्यांनीच शेवटी तोंड उघडलं. सुरुवातीला गप्प बसलेले तिसरे म्हणजे तेच. त्यांनी पोराला विचारलं होतं म्हणे, “तुला काय वाटतं रे?” पोरगा म्हणाला, “काका, शेवटच्या षटकात मला त्याचा चेंडू दिसतच नव्हता. कप त्याचाच.” दोन महिने आम्ही वही घेऊन बसलो, आणि जो समोर उभा होता त्याला उत्तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याला विचारायचं आम्हाला सुचलं नाही, ही आमची चूक.

तेव्हा निर्णय असा. मालिकावीराचा कप गोलंदाजाला. चतुर्थीला, २७ ऑगस्टला, संध्याकाळच्या आरतीनंतर तो दिला जाईल, आणि फलंदाजाच्या हातून दिला जाईल. ही विनंती त्याचीच आहे.

आणखी एक ठरलंय. या वर्षी आमच्याकडं नियमच नव्हता, म्हणून एवढा घोळ झाला. पुढच्या वर्षी स्पर्धेच्या आधी नियम कागदावर लिहून मैदानाच्या गेटवर लावू, मराठीत आणि कन्नडमध्ये. त्यात वाचवलेल्या धावेला केलेल्या धावेएवढीच किंमत असेल. आणि अंतिम सामन्यानंतर दोन्ही संघांच्या कर्णधारांना विचारलं जाईल, “समोरच्यांतला कोण नको वाटत होता?” तेही लिहून घेतलं जाईल.

एवढ्यावर थांबतो. चहा आलाय. जाताना वर्गणीची पावती घेऊन जा, आणि स्कोअरची वही टेबलावर ठेवलीय, आमच्या बेरजेत चूक सापडली तर चतुर्थीच्या आत सांगा.

गणपती बाप्पा मोरया!